दाणे बारानंतर चालत नाहीत

एका परक्या माणसाच्या बापाचं वर्षश्राद्ध मी जवळजवळ बुडवलं होतं, आणि तेही देवाचं नाव घेऊन. घरात हे मी कुणाला फारसं सांगत नाही. सांगितलं तर सुना म्हणतील, आमच्या हातनं नुसतं दूध उतू गेलं तर केवढं ऐकवता.

दहाएक वर्षं झाली. मी तेव्हा फक्त बासष्ट वर्षांची होते. आज बहात्तरीतून मागं बघितलं की ती बाई मला अगदी पोरसवदा वाटते. नवा चष्मा, नवा पासपोर्ट, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा चेहरा. असल्या बाईला घराबाहेर सोडू नये. पण आमच्या लेकीनं सोडलं.

जावयाची नोकरी तेव्हा कोलंबोला होती. लेक तिथं तीन वर्षं राहून तिथली भाषा बऱ्यापैकी बोलायला लागली होती. तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. लंकेला निघालोय म्हटल्यावर गल्लीत सगळ्यांना एकच विनोद सुचला, की कोण पळवून नेतंय. त्यावर समोरच्या म्हाताऱ्या पैलवानानं सगळ्यांना गप्प केलं. तो म्हणाला, "ह्यांना न्हेलं तर रावणच दोन दिसात आणून सोडंल की."

आमचे हे भूगोलाचे मास्तर. हुपरीच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी नकाशावर छडी टेकवून पोरांना सांगितलं, की हे लंकेचं दक्षिण टोक, ह्याच्या खाली थेट दक्षिण ध्रुवाच्या बर्फापर्यंत नुसतं पाणी. एवढं ठासून सांगणाऱ्या माणसानं स्वतः कळंब्याच्या तळ्यापलीकडचं मोठं पाणी जेमतेम दोनदा बघितलेलं. आता ते टोक बघायचं, एवढीच त्यांची मागणी होती. लेकीला आणि जावयाला रजा नव्हती. म्हणून तिनं आम्हाला चार दिवसांसाठी एक गाडी आणि एक ड्रायव्हर करून दिला. दक्षिणेच्या किनाऱ्यानं जायचं, वाटेतली गावं बघायची, टोक गाठायचं आणि परत यायचं.

ड्रायव्हर पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. काही वर्षं दुबईत काम केलेलं, त्यामुळं त्याला हिंदी येत होतं. माझं हिंदी कोल्हापूरच्या गंगावेशीत भाजी घेता घेता आलेलं. दोघांनाही आपापलं हिंदी उत्तम आहे असं वाटत होतं. अडचण तिथनंच सुरू झाली.

आता माझ्या गुडघ्याविषयी सांगायला पाहिजे. बसताना आणि उठताना माझ्या तोंडून "हरी हरी" निघतं. ही सवय सासूबाईंची. त्या उठता बसता हरी हरी करायच्या तेव्हा मी आत स्वयंपाकघरात त्यांची नक्कल करून जावांना हसवायची. नकलेची सवय अंगात मुरली आणि सासूबाई गेल्यावर ती चालू राहिली. गाडीत चढताना हरी हरी, उतरताना हरी हरी, पाय लांब करताना हरी हरी. दिवसाला पन्नास वेळा तरी होत असेल. पुण्य म्हणून नव्हे, वंगण म्हणून.

पहिल्या दिवशी कोलंबो सोडलं आणि तासाभरात माझ्या लक्षात आलं, की ड्रायव्हरही हरी हरी करतो. फोन आला की, "हरी, हरी." पोलिसानं हात केला की, "हरी." मागून कुणी हॉर्न वाजवला तर कोल्हापुरात जे काही ऐकू येतं ते सोडून हा माणूस काच खाली घेऊन शांतपणे म्हणाला, "हरी, हरी." मी मास्तरांना कोपरानं ढोसलं. म्हटलं, बघा, रावणाच्या मुलखात असला भाविक माणूस. मास्तर म्हणाले, इथं बहुतेक लोक बौद्ध आहेत. मी म्हटलं, माणसाच्या पोटातली भक्ती नकाशावर दिसत नाही. एवढं सुंदर वाक्य बोलल्यावर मी पुढं विचार करायचं बंद केलं.

रस्ता मात्र डोळ्यांचं पारणं फेडणारा. एका बाजूला समुद्र, त्याला लागून आगगाडीचे रूळ, मग रस्ता, मग नारळी. वाटेत गावं यायची आणि गाव आलं आहे हे आधी सुकत घातलेल्या मासळीचा वास सांगायचा. एके ठिकाणी रस्त्याकडेला मातीच्या खापऱ्यांत म्हशीचं दही विकायला ठेवलेलं. मी म्हशींच्या जिल्ह्यातली. खापरीतलं दही बोटानं चेपून बघितलं, चाखलं आणि गप्प बसले. नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि तसल्या प्रसंगाची मला सवय नव्हती.

ड्रायव्हर मधेच मान वळवून काहीतरी विचारायचा. नेमकी मी तेव्हा पाय हलवत असायची. हरी हरी म्हणायची. की गाडी वळलीच. असं करत आम्ही मसाल्याच्या तीन बागा बघितल्या. तिन्हींत तीच दालचिनी. मग कासवांची अंडी उबवतात ती जागा, मग लाकडी मुखवटे कोरणाऱ्याचं दुकान, मग खड्यांचं दुकान. खड्यांच्या दुकानात मास्तर बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. हा माणूस भाविक आहे पण जरा स्वतःच्या मर्जीनं चालतो, असं मी लेकीला संध्याकाळी फोनवर कळवलं.

दुपारी जेवण झाल्यावर मी पिशवीतून भाजलेले शेंगदाणे काढले. आम्ही कुठंही गेलो तरी दोन डबे बरोबर असतात, एक भाजलेल्या दाण्यांचा आणि एक दाण्याच्या चटणीचा. ओंजळभर ड्रायव्हरपुढं धरले आणि म्हटलं, "लो, दाणे."

त्यानं विचारलं, "दाने?"

"हां, दाणे. हमारे घरके."

त्यानं दोन्ही हात पुढं करून ते घेतले, कपाळाला लावले, आणि क्षणभर डोळे मिटले. शेंगदाण्याला एवढा मान मी आयुष्यात बघितला नव्हता. माझी खात्रीच पटली.

मुक्काम गॉलला होता. जुना किल्ला, आत घरं, तटावर फिरायला जागा. संध्याकाळी तटावर दोन चकरा मारून मी हॉटेलच्या व्हरांड्यात खुर्चीत टेकत होते, तेवढ्यात ड्रायव्हर हात जोडून समोर उभा राहिला. फार संकोचानं म्हणाला, "मॅडम, कल सुबह मेरे घर में दाने. रास्ते में घर. दो घंटा. चलेगा?"

मी खुर्चीत बसले. गुडघा वाकला. "हरी हरी," मी म्हणाले.

माणसाचा चेहरा असा उजळला, की मीच ओशाळले. तो खाली वाकला, माझ्या पायांना हात लावला, आणि अंगणात जाऊन फोनवर मोठमोठ्यानं बोलायला लागला. मास्तरांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, उद्या घरी बोलावतोय. शेंगा आहेत वाटतं त्याच्या रानात. आपण दाणे दिले ना, आता त्याला परतफेड करायची आहे. मास्तर म्हणाले, शेंगा खायला दोन तास? मी म्हटलं, गरीब माणूस आहे, फोडून देणार असेल.

सकाळी तो आला तो पांढराशुभ्र होऊन. पांढरा शर्ट, पांढरी पँट, केस चापून बसवलेले. बॅगा ठेवायला डिकी उघडली तर आत केळ्यांचा घड, नवी छत्री, आणि भगव्या कापडात बांधलेली दोन गाठोडी. एखाद्या लहान मुलीनंसुद्धा विचारलं असतं, की बाबा, हे काय. मी विचारलं नाही. मला माहीत होतं. भगवं आहे, म्हणजे हरी आहे.

वाटेत पाण्यात रोवलेल्या काठ्यांवर बसून मासे धरणारी माणसं दिसली. एकेका काठीवर एकेक माणूस, तासन् तास. मास्तर म्हणाले, एवढा वेळ माणूस गप्प बसू शकतो हे बघण्यासारखं आहे. ते समुद्राकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

वेलिगामा नावाचं गाव आलं. तिथं ड्रायव्हरनं गाडी हळू केली, डावीकडं आत जाणारा रस्ता दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, घर."

आणि इथं त्या बासष्ट वर्षांच्या बाईनं आपला कारभारीपणा दाखवला. मी विचार केला, टोक पुढं आहे, ऊन चढायच्या आत दीपगृह बघून घ्यावं, शेंगा काय येताना पण खाता येतील. मास्तर म्हणाले, अगं, आधी त्याच्याकडं जाऊ, टोक कुठं पळून जातंय. मी ऐकलं नाही. तुमचं टोक तीस वर्षं राहिलंय, म्हटलं, त्यात आता शेंगदाणे आडवे यायला नकोत. ड्रायव्हरला सांगितलं, "पहले लाइट हाउस. दाणे बादमें."

तो म्हणाला, "मॅडम, दाने बारह के बाद नहीं चलता."

"चलता है, चलता है."

"नहीं मॅडम. बारह के बाद कभी नहीं."

कुठल्या शेंगदाण्याला घड्याळ असतं, मला सांगा. मला वाटलं दमट हवा आहे, दुपारपर्यंत मऊ पडत असतील. मी त्याला धीर दिला. म्हटलं, "फिकर मत करो. हम फिरसे आगपर भाजेंगे."

आरशात त्याचे डोळे दिसले. असे डोळे मी तोवर फक्त बैलाचे बघितले होते, पुरात अडकलेल्या. पाहुण्याचं म्हणणं मोडायचं नाही असा त्याच्या मालकाचा नियम असणार. त्यानं गाडी सरळ घेतली.

दोंद्राचं दीपगृह उंच आणि पांढरं आहे. त्याच्या खाली खडक, आणि खडकांच्या पुढं मास्तरांचं ते नुसतं पाणी. मास्तर जाऊन कडेला उभे राहिले. बरोबर छडी नव्हती म्हणून हाताचं बोट लांब करून त्यांनी दक्षिणेकडं धरलं आणि तसेच उभे राहिले. मी त्यांना त्रास दिला नाही. मागं बघितलं तर ड्रायव्हर गाडीला टेकून फोनवर बोलत होता. आवाज अगदी बारीक. "हरी... हरी... हरी..." मग मनगटावरचं घड्याळ बघायचा, परत "हरी". आणि डोळ्यांतून पाणी.

मला गहिवरून आलं. असली भक्ती आपल्याकडं राहिली नाही, म्हटलं. लगेच लेकीला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. कसा सारखा हरी हरी करतो, दाणे कसे कपाळाला लावले, आज कसा पांढऱ्या कपड्यात आला, आणि आता समुद्राकाठी नामस्मरण करत कसा रडतोय.

तिनं मला मधेच थांबवलं. मग ती म्हणाली, "आई, फोन त्याला दे."

दिला. ते दोघं त्यांच्या भाषेत बोलले. तोच जास्त बोलला. फोन माझ्याकडं परत आला तेव्हा लेकीचा आवाज तिच्या शाळेतल्या बाईंसारखा झाला होता.

"आई, इकडं हरी म्हणजे देव नव्हे. हरी म्हणजे बरं. ठीक आहे. चालेल. तू दोन दिवसांत कशाकशाला हरी म्हणालीस?"

"सगळ्यालाच," मी म्हटलं. मसाल्याच्या तीन बागा डोळ्यांपुढून गेल्या.

"आणि दाने म्हणजे शेंगदाणे नव्हेत. दान. त्याचे वडील जाऊन आज वर्ष झालं. घरी भिक्षू जेवायला येणार आहेत. ते बारानंतर अन्न घेत नाहीत. हा एकुलता मुलगा, दारात त्यांचे पाय ह्यानं धुवायचे असतात. काल त्यानं तुला विचारलं, तू हो म्हणालीस, म्हणून त्यानं आईला कळवलं की येतोय. तिकडं सगळे थांबलेत."

मी घड्याळ बघितलं. पावणेअकरा होऊन गेले होते.

"अजून एक," लेक म्हणाली. "त्याच्या वडिलांना अग्नी देऊन वर्ष झालं. तो विचारतोय, मॅडम परत कुणाला भाजणार आहेत?"

मी मास्तरांना हाक मारली. मास्तरांच्या आयुष्यातलं दक्षिण टोक एकूण बारा मिनिटांचं झालं. कारण सांगितल्यावर ते सरळ गाडीत जाऊन बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीच्या रस्त्यावर मी ड्रायव्हरची माफी मागायला तोंड उघडलं. पण गाडी खड्ड्यातून गेली, गुडघ्यातून कळ आली, आणि तोंडून तेच निघालं. मास्तरांनी माझ्या मांडीवर हात ठेवून हळूच सांगितलं, की घर येईपर्यंत काही बोलू नकोस. मग मी पदर तोंडात धरून बसले. मातारा शहरात एका लग्नाच्या वरातीनं रस्ता अडवला होता. ढोल, नाचणारी माणसं, फुलांनी मढवलेली गाडी. पाच मिनिटं गेली, सात गेली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही. मी वाजवला असता. शेवटी मास्तर खाली उतरले आणि तीस वर्षं शाळेच्या प्रार्थनेच्या रांगा लावलेल्या माणसाच्या आवाजात मराठीतून ओरडले, "बाजूला व्हा पाहू." वरात बाजूला झाली. नवरदेवसुद्धा.

आत वळल्यावर भातशेती लागली, मग लाल माती, मग एक छोटं घर. दारात पांढरं छत बांधलेलं. पांढऱ्या कपड्यांतली पन्नासएक माणसं रस्त्याकडं बघत उभी. त्यांच्यात मी उतरले ती जांभळ्या इरकलीत. दुधाच्या पातेल्यात जांभूळ पडावं तशी. अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

ड्रायव्हर धावत आत गेला. भिक्षू शेजारच्या घरात थांबले होते. ते आले, एका मागोमाग एक, डोक्यावर छत्री धरलेली. त्यानं दारात बसून एकेकाचे पाय धुतले, कापडानं पुसले. घाई दिसली नाही. फक्त दोघांच्या मधे त्यानं एकदा मनगटावरचं घड्याळ बघितलं. ते बघून मी मान खाली घातली. ते घड्याळ त्याला मी बघायला लावलं होतं.

पंगत बसली. भात, डाळ, फणस, वांगी, मासे, पापड. ड्रायव्हरच्या बहिणीनं माझ्या पिशवीकडं बघून काहीतरी विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, बाहेरून कुणी काही आणलं असेल तर तेही वाढतात. मी दाण्याच्या चटणीचा डबा पुढं केला आणि मनात म्हटलं, आता ह्या सज्जनांना ठसका लागणार आणि राहिलेलं पापही माझ्या नावावर लागणार. सगळ्यात म्हाताऱ्या भिक्षूंनी चटणी भातावर घेतली, कालवली, खाल्ली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. परत वाढायला सांगितलं. त्यांच्याकडची रोजची आमटी आमच्या चटणीपेक्षा तिखट निघाली. कोल्हापूरची अब्रू मी तिथं गमावली हे आजवर कुणाला बोलले नव्हते.

बाराला दहा कमी असताना भिक्षूंनी हात धुतले. मग एका ताटात रिकामा पेला ठेवला. घरच्या माणसांनी मिळून तांब्या धरायचा आणि भिक्षू मंत्र म्हणत असताना पेला भरून वाहीपर्यंत पाणी ओतायचं, ते पुण्य गेलेल्याला पोचतं. मुलगा बसला, बहीण बसली, त्यांची आई बसली. आई वाळलेली, बुटकी, पांढऱ्या साडीत. तिनं मान वर करून मला शोधलं, हाताला धरून खाली बसवलं आणि माझाही हात तांब्याला लावला.

माझ्या वडिलांच्या वेळी पाणी भावानं सोडलं होतं. मी आत वड्यांचं पीठ मळत होते, आणि त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नव्हतं. तांब्या जड होता. पेला भरला, मग वाहायला लागला, आणि कुणीच हात काढला नाही. माझे डोळे भरले तर मी ते चष्म्यावर ढकललं. नवा चष्मा होता, नंबर चुकला असेल.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर माझ्याच्यानं राहवेना. त्या आईपुढं जाऊन बसले. ड्रायव्हरकडून निरोप सांगायला मला तोंड नव्हतं, आणि आमच्या दोघांच्या हिंदीवर माझा विश्वास उडालेला. म्हणून लेकीला फोन लावला, फोन आम्हा दोघींच्या मधे चटईवर ठेवला आणि तिला म्हटलं, मी बोलते ते शब्दाला शब्द सांग, गाळू नकोस. मग सगळं कबूल केलं. हरी, शेंगदाणे, दीपगृह, परत भाजायचं, सगळं. म्हटलं, तुमच्या माणसाचं वर्षाचं ताट माझ्या शहाणपणामुळं अडकलं, आणि थोडं आणखी अडकलं असतं तर गेलंच होतं. तुमच्या मुलाला मी आज समुद्रावर रडवलं.

लेकीनं सांगितलं. म्हातारी मान हलवत ऐकत होती. भाजायचं आलं तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला. आतून बायका खिदळल्याचं ऐकू आलं. मग तिनं विडा दुसऱ्या गालात सरकवला, फोनकडं तोंड केलं आणि बराच वेळ, एका सुरात, काहीतरी सांगितलं. मी वाट बघत बसले. फोनमधून लेक म्हणाली:

"आई, त्या म्हणतायत, जिवाला लावून घेऊ नका. आमचा माणूस चाळीस वर्षांत एकदा पण जेवायला वेळेवर घरी आला नाही. मी रोज ताट झाकून बसायची. आज एक दिवस तो ताटकळला, तर ताटकळू दे."